विहिरीत सोडलेलं कासव

ताईच्या कोंबडीची तेरा पिल्लं माझ्या चुकीनं मेली आणि तो आळ मी तिच्या कासवावर घातला. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, वीस वर्षं ज्याच्या खांद्याला खांदा लावून विहिरीतून मोटारी उपसल्या त्या जोडीदारालाही नाही. गेल्या उन्हाळ्यात एकाच माणसाला सांगितलं, ज्याला सांगायला हवं होतं त्यालाच. आता तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाही.

आणि पिल्लं हा त्यातला लहान भाग. मोठा पुढेच आहे — तिथपर्यंत मला जरा हळू येऊ द्या.

मी विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो. घर आसेगावात, दुकान शेलूबाजारला. घराला लागून अडीच एकर वावर आणि त्यात एक जुनी बांधीव विहीर. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी दुसरीत होतो. माझी दप्तरं तिनं शिवली, डोक्यातल्या उवा तिनं काढल्या, शाळेत मार खाऊन आलो की मास्तरांशी भांडायला तीच गेली. मग तिचं लग्न झालं, आणि पुढे भाऊजी वारल्यावर ती परत आली. मूलबाळ नव्हतं. आली तेव्हा एका हातात पेटी आणि दुसऱ्या हातात टोपलं, टोपल्यात पाय बांधलेल्या दोन गावरान कोंबड्या.

दोनाच्या वीस झाल्या. घरामागे लिंबाखाली आम्ही तिला जाळी मारून वाडा करून दिला. खालून हातभर तुराट्या गच्च विणलेल्या, मध्ये खुराडं, समोर पत्र्याचं फाटक. ताई हसत म्हणायची, "घर तुमचं, वावर तुमचं. हा कोंबड्याईचा वाडा तेवढा माहा." हसत म्हणायची, पण खरंच होतं ते. या जगात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं.

त्या वाड्यात कासव मीच आणलं.

अकोल्याकडे एका फार्महाऊसवर मोटार काढायला गेलो होतो. मालकानं जागा विकली होती. मागे राहिला होता एक परमुलखातला राखणदार आणि कोरड्या हौदात बसलेलं परातीएवढं कासव. कुठल्या तरी बाहेरच्या देशातलं, मालकानं हौसेनं आणलेलं. नवा मालक फेकून देईल म्हणून राखणदार मागेच लागला, "ले जाओ भैया." मोटारीशेजारी गोणपाट टाकून मी ते गाडीत ठेवलं. निघताना तो खिडकीशी आला आणि एक गोष्ट त्यानं मला दोनदा बजावून सांगितली. ती कोणती, हे सांगायला मला अजून थोडा वेळ लागेल.

घरी बायको म्हणाली, "हे कायले आणलं? याले काय दळण आणाले पाठवता?" गावात कुत्री फार, मोकळं सोडणं शक्य नव्हतं. जाळीची जागा एकच. म्हणून कासव कोंबड्यांत गेलं.

पहिले दोन दिवस कोंबड्या एका कोपऱ्यात चिकटून नुसत्या कलकलत होत्या. तिसऱ्या दिवशी एक तांबडी त्याच्या पाठीवर चढली. कासवानं मान बाहेर काढली, पाहिलं, आणि चालायला लागलं — तिला पाठीवर घेऊनच. ताई पोट धरून हसली. लग्नात सगळी पंगत उठल्यावर सावकाश जेवायला येणारा आमचा एक मामा होता. तिनं कासवाला तेच नाव दिलं. मामा.

मामाचं आणि कोंबड्यांचं जमलं. थंडीत सकाळी त्याची पाठ उन्हानं तापली की तीन-तीन कोंबड्या वर ओळीनं बसत. तो पावलांनी माती उकरायचा, मागून या किडे टिपत. अंबाडीचे देठ, टरबुजाची सालं, जास्वंदीची फुलं त्याची, सांडलेली ज्वारी यांची. एकच खोड होती त्याला. वाटेत काही आलं तर वळसा घेणं नाही. डोकं लावून लोटायचं. म्हणून फाटकाचा खालचा कोपरा तारेनं खांबाला आवळून ठेवावा लागे. वरची कडी माणसांसाठी, खालची तार मामासाठी. ताई रोज दोन्ही तपासायची.

त्या वर्षी गव्हाच्या शेवटच्या पाण्याच्या दिवसांत तिच्या ठिपक्याच्या कोंबडीनं तेरा अंड्यांतून तेराच्या तेरा पिल्लं काढली. एकही अंडं वाया गेलं नाही. ताईनं हे निम्म्या गावाला सांगितलं असेल. पिल्लं तर मामाला डोंगरच समजायची. एक चढायचं, घसरायचं, पुन्हा चढायचं.

चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी मला फोन आला. एकाची मोटार बंद, गहू वाळतो, आत्ताच्या आत्ता ये. मोटार काढताना तात्पुरती बांधायला मला तार हवी होती. तारेचं भेंडोळं दुकानात, दुकान शेलूबाजारला. आणि इथं समोर फाटकाला हातभर चांगली तार. मी ती सोडवून घेतली. तिथं एक वीट लावली. म्हटलं, तासाभरात तर येतो — कोणाला कळतंय?

तासाचे तीन तास झाले. काम तासाचंच होतं. उरलेले दोन मी चहाच्या टपरीवर गप्पा मारत घालवले. हेही लिहून टाकतो.

ताई विहारात बायकांच्या बैठकीला गेली होती. मी मागच्या बाजूनं आलो तर वीट सरकलेली, फाटक वीतभर बाहेर आलेलं, आणि त्या फटीतून एक मुंगूस माझ्या डोळ्यांदेखत बाहेर निघालं. तोंडात पिल्लू होतं. आत बाकीची पडली होती. ठिपक्याची कोंबडी खुराड्यावर उभी राहून ओरडत होती. मामा मध्ये होता आणि त्याच्या तोंडाशी एक मेलेलं पिल्लू — तो हुंगत होता की चाटत होता, देव जाणे. जबड्याला थोडं रक्त लागलेलं.

फाटक मामानंच लोटलं होतं, हे खरं. पण तो लोटतो म्हणूनच तर ती तार होती ना?

तुम्ही माझ्या जागी असता तर आधी काय केलं असतं? पिल्लांपाशी धावला असता. मी आधी तार बांधली. खिशातून काढली, फाटकाचा कोपरा जागेवर ओढला, तीन वेढे दिले, पक्कडीनं पीळ मारला. माझा हात कामाचा आहे, एक मिनिटही लागलं नाही. मग ओरडलो.

ताई आली तेव्हा मी सांगितलं, मामानं खाल्ली.

तिनं आत पडलेल्या पिल्लांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मामानं? तुनं पाह्यलं?"

"पाह्यलं."

"तुह्या डोयानं पाह्यलं, संजू?"

"हाव ताई. माह्या डोयानं."

तिनं पुढे विचारलं नाही. माझ्या शब्दापुढे तिनं कधीच काही विचारलं नव्हतं. लुगड्याचा पदर ओला केला, मामासमोर बसली आणि त्याचं तोंड पुसायला लागली. पुसता पुसता त्याला विचारत होती, "काहून रे? काय कमी केलं होतं तुले?" मी दोन हात अंतरावर उभा होतो. प्रश्न त्याला होता.

इथंही मी थांबू शकलो असतो. त्याच संध्याकाळी खरं सांगितलं असतं तर ती दोन दिवस बोलली नसती, फार तर चार. मग हसली असती. तिचा राग मला लहानपणापासून ठाऊक होता, तो टिकत नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारचे सुखदेवभाऊ आले. जाळीतून डोकावून म्हणाले, "याले आता मासाची चव लागली बाप्पा. आज पिल्लं, उद्या कोंबड्या, परवा तुमचा पाय. इहिरीत सोडून द्या. पाणीबी नितळ राह्यते आन् हेबी सुखी राह्यते."

आमच्याकडे विहिरीत कासव असणं नवीन नाही. गाळ काढताना ते घमेल्यात काढून ठेवतात, काम झालं की परत सोडतात. कासव म्हटलं की विहीर, यात कोणाला विचार करावासा वाटत नाही. पण मी वीस वर्षं विहिरींत उतरलेला माणूस. विहिरीतलं कासव चपटं असतं, त्याच्या बोटांमध्ये पडदा असतो, ते माशासारखं निसटतं. मामाचे पाय खांबासारखे होते. पाठ घुमटासारखी, जड. मला नुसतं पाहून कळायला हवं होतं. आणि मला तर सांगितलेलंही होतं. त्या राखणदारानं गाडीच्या खिडकीला धरून दोनदा सांगितलं होतं, "पानी में कभी मत डालना भैया. ये सूखे का जानवर है, डूब जाएगा."

मी बोललो नाही.

कायले बोललो नाही? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की त्याची झीज झाली. ते बुडतं एवढंच सांगायचं होतं. तारेचा विषय निघालाही नसता. पण मग ताई म्हणाली असती, राहू दे इथंच, वेगळा आडोसा करू. मग मामा राहिला असता. रोज माझ्यासमोर चालला असता. ताई रोज त्याच्याकडे दुखावल्या नजरेनं पाहत राहिली असती, आणि ती नजर खरं तर कोणाच्या वाट्याची, हे फक्त मला माहीत असतं. मला तो डोळ्यांसमोर नको होता. बस, एवढंच. याहून मोठं कारण मी शोधून पाहिलं, सापडलं नाही.

विहिरीत त्याला मीच उतरवलं. मोटारी उतरवायची तिपायी घोडी लावली, साखळी लावली, टोपलं बांधलं. ताईनं टोपल्यात अंबाडीचा पाला ठेवला. तिच्या मनात कुठेतरी शंका होतीच, असं आता वाटतं, कारण ती वाकून त्याला म्हणाली, "जाय बापा. तिथं तुह्यावर कोनी आळ घेनार नाही."

साखळी माझ्या हातात होती. ती मी सोडत गेलो.

पाण्याला टोपलं लागलं, कलंडलं, आणि मामा पाण्यात गेला. चारही पाय हलवू लागला. विहिरीच्या दगडांशी जायचा, पुढचे पाय वर टाकायचा, शेवाळावरून घसरायचा. पुन्हा जायचा. काठावर सात-आठ लोक. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. सुखदेवभाऊंनी मोबाइल काढला, "पाहा, पाहा, कसं पोहून राह्यलं लेकाचं!" ताईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. दोर, टोपलं, साखळी — सगळं अजून खालीच होतं. मी ते वर ओढून घेतलं. रिकामं.

मग तो खाली गेला. लोक म्हणाले, गेला आपल्या घरी.

तिसऱ्या दिवशी पहाटे मोटार सुरू करायला गेलो तर तो पाण्यावर होता. ताई उठली नव्हती. मी त्याला आकड्यानं वर काढलं, गोणपाटात गुंडाळलं आणि वावराच्या पलीकडच्या धुऱ्याखाली, म्हणजे बांधाखाली, पुरलं. हात धुऊन घरी आलो. ताई चहा गाळत होती. ती काही विचारण्याआधी मीच म्हणालो, "आज दिसला होता तुहा मामा. डोकं वर काढलं होतं."

तिचा चेहरा कसा उजळला! तुम्हाला काय सांगू... त्या चेहऱ्यासाठी मी पुढची सात वर्षं खोटं बोललो असं म्हणायला मला आवडलं असतं. पण ते तिच्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं.

सात वर्षं ती रोज संध्याकाळी मूठभर पाला विहिरीत टाकत आली. महिन्या-दोन महिन्यांनी मी त्याला "पाहत" असे. कधी पायरीच्या दगडावर ऊन खाताना, कधी झऱ्यापाशी. मोठा झाला म्हणालो. एकदा तर त्याच्या पाठीवर बेडूक बसल्याचंही सांगितलं — इतका मी त्यात रमलो होतो. तिला नीट दिसत नसे. मोतीबिंदू होऊ लागला होता. मी डॉक्टरकडे न्यायचं लांबवलं. हेही त्याच खात्यात धरा.

सुखदेवभाऊंनी काढलेला तो व्हिडिओ तिनं माझ्या पोरीकडून आपल्या फोनमध्ये घेतला होता. मालेगावहून आत्या आली, कोणी सोयरा आला, की ती दाखवायची. "पाहा माहा मामा कसा पोहून राह्यला." मी उठून बाहेर जायचो. फोनमधून टाळ्यांचा आवाज यायचा.

दर पौर्णिमेला आम्ही विहारात जातो. पांढऱ्या लुगड्यात ताई पुढे बसते, मी मागे. पंचशील म्हणताना पहिलं शील जीव न घेण्याचं, चौथं खोटं न बोलण्याचं. दोन्ही ठिकाणी मी फक्त ओठ हलवायचो. शेजारच्याला कळत नाही.

आणि सगळ्यात वाईट काय, माहीत आहे? तिनं दोष स्वतःवर घेतला. कोंबड्यांचा विषय निघाला की म्हणायची, "चूक माहीच. कोंबड्यात कासव कोन ठेवते? त्याले काय समजते, जीव हाय तो." त्यानंतर तिनं एकाही कोंबडीला अंड्यांवर बसू दिलं नाही. वीस कोंबड्या पाचांवर आल्या. तिचा वाडा रिकामा होत गेला, आणि मी रोज त्याच्या फाटकासमोरून दुकानात जात राहिलो.

गेल्या उन्हाळ्यात विहिरीला पाणी उरलं नाही. गाळ काढायचं ठरलं. मजूर दहाला येणार होते. ताई आठलाच विहिरीच्या काठावर येऊन बसली. सोबत मोठं घमेलं, त्यात ओलं गोणपाट, अंबाडीचा पाला. मजुरांनी फावडं मारायच्या आधी मामाला अलगद काढायचं होतं ना.

माझी थाप तयार होती. झऱ्याच्या कपारीत आत गेला असेल, कासवं जातात. मजुरांनीही मान डोलावली असती. ती थाप सहज निभावली असती — तिच्या मरणापर्यंत निभावली असती.

ताई खाली वाकून पाहत होती. तिला तळ दिसत नव्हता. मला म्हणाली, "संजू, मी लय बुढी दिसाले लागली आता. तो वळखन का रे मले?"

मी तिच्या शेजारी बसलो. आधी तार सांगितली. मग वीट, टपरी, मुंगूस. मग राखणदार. ती घमेल्याच्या काठाला धरून ऐकत होती. तिसऱ्या दिवसाचं सांगून झालं तेव्हा तिनं एकच विचारलं.

"म्हंजे तो पोहत नव्हता?"

"नाही ताई."

तिनं कमरेचा फोन काढला. हातात धरून बसली. व्हिडिओ लावला नाही.

मग म्हणाली, "कुठी हाय?"

मी पुढे, ती मागे. पूर्वी ती अशी माझ्या मागे चालायची शाळेत पोचवताना, मी पळून जाऊ नये म्हणून. पलीकडच्या धुऱ्याशी मी जागा दाखवली. तिथं काही नव्हतं, नुसतं वाळलेलं गवत. ताई खाली बसली. दूरवर मजुरांची गाडी आल्याचा आवाज आला. माझी बायको त्यांना काहीतरी सांगत होती.

बसलेल्या माणसाशी उभ्यानं बोलू नये म्हणून मीही बसलो. तिच्या पायांना हात लावायची माझी हिंमत झाली नाही. दोन्ही हात मी मातीवर ठेवले आणि म्हणालो, "ताई, पिल्लं माह्यापायी मेले. मामानं काही नोतं केलं. तो बुडनार हे मले ठावं होतं, तरी म्या त्याले खाली सोडलं. सात वर्सं तुह्याशी खोटं बोललो. तुही काही चूक नोती. माहं चुकलं, ताई. तुह्याशीबी चुकलं आन् याच्याशीबी."